द्वेषाला मिळालेली सोबत

१. वाढला, की दिसू लागला?

ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत, अशा घरांत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो: इंटरनेटमुळे वर्णद्वेष वाढलाय, की होता तोच आता दिसायला लागलाय?

डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईत जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची व्हाइट हाउसमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण-सल्लागार म्हणून निवड जाहीर झाली, आणि ‘एक्स’वर भारतीयांचा रंग, अंगाचा वास, जेवण यांवर गलिच्छ मजकुराचा पूर आला. तो मजकूर जितका तिकडे वाचला गेला, तितकाच पुण्या-नाशकातही वाचला गेला. इथल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, पूर्वी असं नव्हतं. तिथे वीस-पंचवीस वर्षं काढलेले लोक म्हणतात, होतं, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण दोघांच्याही नजरेतून एक तिसरी गोष्ट निसटते, आणि हे प्रकरण मुख्यतः तिच्याबद्दल आहे. तिथे पोचण्यासाठी आधी इंटरनेट नव्हतं तेव्हाचं काय, ते पाहायला हवं.

१९०३ मध्ये रशियातल्या एका वर्तमानपत्रानं ज्यू लोक जग ताब्यात घेण्याचा कट करत असल्याचे ‘पुरावे’ छापले. ते बनावट होते. लंडनच्या ‘टाइम्स’नं १९२१ मध्ये ते कुठून चोरले होते हेही दाखवून दिलं. त्याच सुमारास मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी आपल्या साप्ताहिकातून त्याच धर्तीची लेखमाला चालवली आणि ती अमेरिकेत घरोघरी पोचली. १९१५ मध्ये ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट आला. त्यात काळ्यांना पशूंसारखं आणि कू क्लक्स क्लॅनला तारणहारासारखं दाखवलं होतं. क्लॅन ही संघटना तेव्हा चाळीसेक वर्षांपूर्वीच संपलेली होती. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात ती पुन्हा उभी राहिली आणि दहा वर्षांत तिचे सभासद लाखोंच्या घरात गेले. रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. तिथे चिथावणीचं साधन होतं रेडिओ.

म्हणजे वर्णद्वेष इंटरनेटनं जन्माला घातला नाही. छापखाना, चित्रपट, रेडिओ, प्रत्येकानं त्याला हातभार लावला. पण या सगळ्या साधनांना पैसा लागायचा, मालक लागायचा. शिवाय ऐकणारा माणूस त्याच्या घरी एकटाच असायचा. दुसऱ्या शहरात आणखी कोण तेच ऐकून मान डोलावतंय, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. बदल झाला तो इथे.

२. दहा हजारांच्या गावातले दहा जण

थोडं गणित करू. समजा, दर हजार माणसांत एकाला मनापासून वाटतं की दुसऱ्या वंशाची माणसं आपल्याहून हलकी आहेत आणि त्यांना देशाबाहेर काढलं पाहिजे. दहा हजार वस्तीच्या गावात अशी दहा माणसं निघतील. ती एकमेकांना ओळखत नाहीत. कारखान्यात किंवा चर्चमध्ये हे बोललो तर लोक तुटून पडतील, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तो गप्प बसतो. गप्प बसल्यानं त्याचं मत मरत नाही, पण ते वाढतही नाही, आणि मुलाबाळांपुढे मोठ्यानं बोलायलाही तो कचरतो.

आता अख्ख्या अमेरिकेची लोकसंख्या धरा, सुमारे ३३ कोटी. हजारात एक या हिशेबानं ३ लाख ३० हजार माणसं झाली. त्यांतल्या शंभरातल्या एकालाच एका ठिकाणी जमता आलं, तरी ३,३०० जणांचा मेळा भरतो. द्वेष करणाऱ्यांच्या संख्येत एकाचीही भर पडलेली नाही. पण गावातल्या त्या एकट्याला आता रोज तीन हजार माणसं आपल्यासारखंच बोलताना दिसतात. आपण विक्षिप्त नाही, आपण बहुमतात आहोत आणि बाकीचे भित्रे आहेत, असं त्याला वाटायला लागतं. मग तो गावातही बोलू लागतो.

ही ताकद वर्णद्वेष्ट्यांनी इतरांच्या फार आधी ओळखली. घरोघरी इंटरनेट पोचण्याच्या दहा वर्षं आधी, १९८४ मध्ये, क्लॅनचा एक पुढारी लुई बीम यानं टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना जोडणारं एक जाळं उभारलं. कॅनडात द्वेष पसरवणारी पत्रकं नेणं कायद्यानं बंद होतं. छापील कागद सीमेवर पकडला जायचा, पण टेलिफोनच्या तारेतून जाणारा मजकूर कोण पकडणार?

त्याच वर्तुळातला दुसरा माणूस डॉन ब्लॅक. हाही क्लॅनचा पुढारी. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका या चिमुकल्या बेटावर भाडोत्री शिपाई घेऊन चाल करायची आणि तिथलं सरकार उलथवायचं, असा कट १९८१ मध्ये उघडकीला आला. त्यात त्याला तुरुंगवास झाला आणि तुरुंगातच तो संगणक शिकला. १९९५ मध्ये त्यानं फ्लोरिडातून ‘स्टॉर्मफ्रंट’ हे संकेतस्थळ सुरू केलं. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणारं हे पहिलं मोठं संकेतस्थळ मानलं जातं. तिथे फक्त लेख नव्हते. लोक तिथे एकमेकांना बाळाच्या जन्माबद्दल अभिनंदन करत, नोकरी गेल्यावर धीर देत, स्वयंपाकाच्या आणि बागकामाच्या गप्पा मारत. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. द्वेषाच्या लेखानं माणूस एकदा येतो. सुखदुःख विचारणारी माणसं मिळाली की तो रोज येतो.

३. सर्चच्या चौकटीत टाकलेले शब्द

आता ‘होता तोच दिसू लागला’ या म्हणण्याकडे वळू. त्यात तथ्य किती, हे एका अमेरिकी अभ्यासकानं फार वेगळ्या वाटेनं तपासलं. सेठ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ हे अर्थशास्त्रज्ञ. सर्वेक्षणात कुणी ‘मी वर्णद्वेष्टा आहे’ असं सांगत नाही. पण रात्री एकट्यानं गूगलवर शोधताना माणूस कुणाची भीड बाळगत नाही. काळ्यांसाठीची सर्वांत हीन शिवी कुठल्या भागातून किती वेळा शोधली जाते, याचा नकाशा त्यांनी काढला. सर्वसाधारण समज असा, की अमेरिकेतला वर्णद्वेष दक्षिणेत. नकाशात मात्र वेस्ट व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनियाचा पश्चिम भाग, न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग असे प्रदेशही ठळकपणे उमटले. या शोधांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे २००८ मध्ये बराक ओबामांना अपेक्षेपेक्षा कमी मतं पडली होती. देशभरात मिळून त्यांना सुमारे चार टक्के मतांचा फटका बसला, असा त्यांचा हिशेब आहे. सर्वेक्षणांना हे दिसलं नव्हतं.

पण सर्चची चौकट आरशासारखी स्थिर नसते. विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देते, आणि प्रश्नच वाकडा असेल तर उत्तरही त्याच दिशेनं जातं.

१७ जून २०१५. साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन शहरातलं इमॅन्युएल चर्च, काळ्यांच्या जुन्या, मानाच्या चर्चपैकी एक. बुधवारी संध्याकाळी बायबल वाचायला बसलेल्या मंडळींत २१ वर्षांचा एक अनोळखी गोरा मुलगा येऊन बसला. त्यांनी त्याला जागा करून दिली. सुमारे तासभर त्यांच्यात बसल्यावर त्यानं गोळ्या झाडून नऊ जणांना ठार केलं. चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी त्यांत होते. या मुलाचं नाव मी लिहीत नाही, आणि पुढेही अशा मारेकऱ्यांची नावं या प्रकरणात येणार नाहीत. त्याचं कारण सातव्या भागात कळेल.

त्यानं मागे जे लिहून ठेवलं होतं, त्यावरून त्याचा प्रवास कळतो. २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र काळ्या मुलाचा गोळी लागून मृत्यू झाला आणि देशभर चर्चा सुरू झाली. हे काय प्रकरण आहे म्हणून हा मुलगा गूगलवर गेला. तिथे त्यानं ‘काळ्यांनी गोऱ्यांवर केलेले गुन्हे’ अशा अर्थाचे शब्द टाकले. समोर आलं एका संघटनेचं संकेतस्थळ. १९५० च्या दशकात गोऱ्यांच्या शाळांत काळी मुलं येऊ नयेत म्हणून ज्या समित्या स्थापन झाल्या, त्यांच्या वारशातून उभी राहिलेली ही संघटना. तिथे गोऱ्यांच्या खुनांची जंत्रीच होती. ती वाचल्यापासून आपण बदललो, असं त्यानं लिहिलं.

त्या जंत्रीतले खून खोटे असण्याची गरजच नव्हती. अमेरिकेच्या एफबीआयची आकडेवारी सांगते की खून झालेल्या दर १०० गोऱ्यांमागे ८० हून अधिक जणांचा मारेकरी गोराच असतो. माणसं बहुतेकदा ओळखीच्या, शेजारच्या, नात्यातल्या माणसाकडून मारली जातात. आता या शंभरातले ऐंशी बाजूला ठेवा आणि उरलेल्यांतून फक्त काळ्या मारेकऱ्यांची नावं, छायाचित्रं, तारखा एकाखाली एक लावा. प्रत्येक ओळ खरी असेल आणि सगळी यादी मिळून धादांत खोटं सांगेल. त्या मुलानं ‘गोऱ्यांचे खून कोण करतं’ असं शोधलं असतं, तर त्याला ही आकडेवारी दिसण्याची शक्यता होती. ती लपवलेली नव्हती.

काही वेळा तर वाकडा प्रश्नही लागत नाही. १९९९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं एक संकेतस्थळ सुरू झालं. शाळेतली मुलं निबंधासाठी नाव शोधायची आणि वर्षानुवर्षं ते पहिल्या काही उत्तरांत यायचं. आत किंग यांची बदनामी होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत जे नाव होतं, ते ‘स्टॉर्मफ्रंट’चं. समाजशास्त्रज्ञ जेसी डॅनियल्स यांनी किशोरवयीन मुलांपुढे हे आणि किंग यांच्या कार्याला वाहिलेलं खरं संकेतस्थळ असं दोन्ही ठेवलं, तेव्हा काहींना कुठलं विश्वासाचं, हे ओळखता आलं नाही.

४. वर काय दाखवायचं, हे कोण ठरवतं?

आतापर्यंत माणूस स्वतः शोधायला जात होता. समाजमाध्यमांवर त्याला जावंही लागत नाही, मजकूरच त्याच्याकडे येतो. हजारो मजकुरांतून कुठला वर दाखवायचा, हे ठरवणाऱ्या नियमांच्या संचाला अल्गोरिदम म्हणतात. त्यात जादू काही नाही. प्रत्येक मजकुराला गुण द्यायचे आणि जास्त गुणांचा मजकूर वर ठेवायचा, इतकंच.

२०१७ मध्ये फेसबुकवर साध्या ‘लाइक’ला एक गुण धरला, तर रागाच्या चेहऱ्याला पाच गुण मिळत. भावना उमटली म्हणजे माणूस गुंतला, असा त्यामागचा विचार. आपण एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. एका गावात निर्वासित कुटुंब आलं. एकीनं त्यांच्या मुलीचा शाळेतला पहिला दिवस टाकला: १२० लाइक, म्हणजे १२० गुण. दुसऱ्यानं लिहिलं, ‘हे लोक आले आणि आपल्या शाळा बिघडल्या’: २० लाइक आणि ४० रागाचे चेहरे, म्हणजे २२० गुण. पहिल्या मजकुराला दुप्पट लोकांनी प्रतिसाद दिला, तरी दुसराच वर गेला.

आणखी एक बारकावा पाहा. त्या चाळीस जणांपैकी निम्मे कदाचित लिहिणाऱ्यावर संतापलेले असतील: ‘असं कसं बोलतोस तू?’ यंत्राला ते कळत नाही. निषेध करणाऱ्या भल्या माणसांनीही नकळत तो मजकूर वर ढकलला. पुढे कंपनीच्याच अभ्यासकांना दिसलं की रागाचे चेहरे ओढणाऱ्या मजकुरात खोटी माहिती आणि विखार जास्त असतो. २०२० मध्ये त्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं गेलं.

शिफारशींचं तसंच. फेसबुकच्या २०१६ सालच्या एका अंतर्गत टिपणात म्हटलं होतं, की टोकाच्या विचारांच्या गटांत जे लोक सामील झाले, त्यांतले ६४ टक्के कंपनीच्याच शिफारशींमुळे झाले. हे टिपण २०२० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं उघड केलं. दुसऱ्या भागातल्या गावात ते दहा जण एकमेकांना ओळखतही नव्हते. इथे त्यांची ओळख करून द्यायला यंत्र पुढे आलं.

५. नाव लपवता येतं म्हणून?

बहुतेकांना वाटतं, खरं नाव सक्तीचं केलं की सगळं थांबेल. नाव आणि चेहरा झाकलेला असला की माणूस एरवी बोलणार नाही ते बोलतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडलं होतं, आणि अनुभवही तसाच आहे.

पण ११ जुलै २०२१ ची रात्र आठवा. वेम्बलीवर युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरलं. मार्कस रॅशफोर्ड, जेडन सांचो आणि अवघ्या १९ वर्षांचा बुकायो साका या तीन काळ्या खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. काही मिनिटांत त्यांच्या खात्यांवर माकडांची चित्रं आणि शिव्या येऊ लागल्या. ट्विटरनं नंतर तपासणी जाहीर केली. कायमच्या बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांचे मालक ओळखता येण्याजोगे होते, आणि सर्वाधिक शिव्या ब्रिटनमधूनच आलेल्या होत्या. त्या माणसांना लपावंसंही वाटलं नव्हतं.

असं का व्हावं? समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर कळत नाही, हे एक. आणि आपल्याआधी शंभर जणांनी तेच लिहिलेलं असतं, हे दुसरं. नाव सक्तीचं करून यांतलं एकही बदलत नाही. उलट, आपल्यावर झालेला अन्याय सांगणाऱ्या दुबळ्या माणसाचं संरक्षण मात्र जातं.

६. विरजण कुठे लागतं

मग इंटरनेट पोचलं की प्रत्येक ठिकाणी वर्णद्वेष सारखाच वाढतो का? नाही. अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी २००१ ते २००८ या काळात जिल्ह्या-जिल्ह्यांत वेगवान इंटरनेट कसं पसरलं आणि वांशिक द्वेषातून होणारे गुन्हे कसे बदलले, याची सांगड घातली. इंटरनेट पसरलं तिथे असे गुन्हे वाढले. पण वाढ मुख्यतः एकट्यादुकट्यानं केलेल्या गुन्ह्यांत होती, आणि जिथे वस्त्या आधीपासून वर्णावरून विभागलेल्या होत्या, वर्णद्वेषी शोध आधीपासून जास्त होते, तिथे ती ठळक होती.

घरात दही लावणाऱ्या कुणालाही हे समजेल. विरजण तेच, चमचाही तोच. दूध कोमट असेल तर सकाळी घट्ट दही, गारढोण असेल तर पातेल्यात दूध तसंच. इंटरनेटवरचा विखार सगळीकडे सारखाच पोचतो. तो लागतो कुठे, हे तिथल्या समाजाच्या आधीच्या उबेवर ठरतं.

जर्मनीतला एक अभ्यास आणखी पुढे गेला. २०१५ नंतर तिथे निर्वासितांवर हल्ले होत होते. कार्स्टन म्युलर आणि कार्लो श्वार्झ यांना दिसलं, की फेसबुकवर निर्वासितविरोधी मजकूर वाढला की जास्त फेसबुक वापरणाऱ्या गावांत हल्लेही वाढतात. याला योगायोग म्हणता आलं असतं. पण काही गावांत मध्येच काही काळ इंटरनेट बंद पडलं होतं, आणि त्या काळात तिथे हा संबंध क्षीण झाला. नुसत्या आकडेवारीपेक्षा ही तपासणी मला जास्त पटते, कारण इथे निसर्गतःच प्रयोग घडून आला.

७. सतरा मिनिटं

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ च्या शुक्रवारी दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. मृतांत भारतीयही होते. मारेकऱ्यानं डोक्यावर कॅमेरा लावून हे कृत्य फेसबुकवर थेट दाखवलं. प्रक्षेपण १७ मिनिटांचं होतं. चालू असताना ते पाहणारे दोनशेहूनही कमी होते, आणि त्यांतल्या एकानंही तक्रार केली नाही. पहिली तक्रार आली ती ते संपल्यावर १२ मिनिटांनी. एव्हाना त्याची प्रत दुसरीकडे गेलेली होती. पुढच्या २४ तासांत फेसबुकला १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यांतल्या १२ लाखांहून अधिक चढवतानाच अडवल्या. उरलेल्या सुमारे तीन लाख कुणाच्या ना कुणाच्या पडद्यावर येण्याजोग्या झाल्या. कुणी चौकट बदलली, कुणी रंग, कुणी पडद्याचंच चित्रण केलं. यंत्राला चकवण्यासाठी माणसं बसून हे करत होती.

हल्ल्यामागची कल्पना होती: गोऱ्या युरोपीय लोकांना बाहेरून आलेल्यांकडून मुद्दाम ‘बदललं’ जातंय. फ्रेंच लेखक रनो काम्यू यांनी २०११ मध्ये पुस्तकातून तिला नाव दिलं. तसं फार थोड्यांना माहीत असतं ते पुस्तक. इंटरनेटवर ते चित्रांत, विनोदांत, एका ओळीच्या घोषणांत विरघळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एल पासो शहरात एका दुकानात २३ जण मारले गेले. मारेकऱ्यानं लिहिलेल्या मजकुराच्या आरंभीच क्राइस्टचर्चला पाठिंबा होता. १४ मे २०२२ रोजी बफेलो शहरात १८ वर्षांच्या मुलानं काळ्या वस्तीतल्या किराणा दुकानात दहा काळ्यांना मारलं. करोनाच्या काळात घरी कंटाळा आला म्हणून आपण इंटरनेटवर भटकत होतो, तिथे क्राइस्टचर्चच्या चित्रणाचा तुकडा दिसला, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानंही प्रक्षेपण केलं. ज्या संकेतस्थळावर ते चालू होतं, त्यानं ते दोन मिनिटांच्या आत तोडलं. तेवढ्यात निघालेली प्रत दुसऱ्या संकेतस्थळावर तीस लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली.

या मुलांना पोलीस ‘एकटे हल्लेखोर’ म्हणतात. ज्या खोलीत ते बसले होते तिथे ते एकटे होते, हे खरं. पण त्यांना पाहणारे, वाहवा करणारे, पुढच्याला उसकावणारे हजारो होते, आणि त्यांच्यासाठीच ते प्रक्षेपण होतं. त्या जमावाला हवं असतं नाव आणि चेहरा. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की मी त्याचं नाव कधीही उच्चारणार नाही. ते नाकारणं अगदी योग्य होतं.

८. पुणे, बेंगळुरू, ऑगस्ट २०१२

हे सगळं परदेशातलं, असं वाचकाला वाटू नये. जुलै २०१२ मध्ये आसामात कोक्राझारच्या परिसरात हिंसाचार झाला. त्याचे पडसाद म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली. मारणाऱ्यांना आसामी, मणिपुरी, नागा यांतला फरक माहीत नव्हता. चेहरेपट्टी पाहून त्यांनी माणसं निवडली. चेहऱ्यावरून माणूस निवडणं, हाच वर्णद्वेष. पाठोपाठ एसएमएस आणि फोटो फिरू लागले: अमुक तारखेच्या आत शहर सोडा. परदेशांतल्या वेगळ्याच आपत्तींची छायाचित्रं दंगलीची म्हणून दाखवली जात होती. बेंगळुरूहून, पुण्याहून, चेन्नईहून हजारो विद्यार्थी आणि कामगार गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारनं १७ ऑगस्टपासून दिवसाला पाचच एसएमएस, अशी मर्यादा घातली.

तेव्हा स्मार्टफोन थोड्यांकडे होते. आठ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, ते कोट्यवधींच्या हातात होते. त्या वेळी ईशान्येकडच्या लोकांना ‘करोना’ म्हणून हिणवणं, घर खाली करायला लावणं इतकं वाढलं की केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं. पुण्यात शिकायला आलेल्या मुलींनी हे सोसलं, आणि आपल्यातल्या फार थोड्यांनी त्याला वर्णद्वेष म्हटलं. मला याची लाज वाटते.

९. तेच यंत्र, दुसऱ्या हातात

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गेले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय कारणामुळे’ मृत्यू, असा सूर होता. डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या काळ्या मुलीनं फोनवर सगळं टिपलं होतं. तिनं ते फेसबुकवर टाकलं आणि ते निवेदन टिकलं नाही. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपणाऱ्याला चित्रफीत घेऊन टीव्ही केंद्राकडे जावं लागलं होतं. फ्रेझरला कुणाची परवानगी लागली नाही. २०२१ मध्ये पुलित्झर मंडळानं तिचा विशेष गौरव केला.

म्हणून इंटरनेट बंद करा, हे उत्तर होऊ शकत नाही. मग काय उपयोगी पडतं?

जर्मनीनं २०१७ मध्ये कायदा केला: उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढा, नाहीतर ५ कोटी युरोपर्यंत दंड. अमेरिकेत १९९६ चा कायदा लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कंपन्यांवर टाकत नाही. तिथे कंपन्या स्वतःच्या मर्जीनं वागतात. अशा मर्जीचा परिणाम एकदा मोजला गेला. २०१५ मध्ये ‘रेडिट’नं काळ्यांच्या द्वेषाला वाहिलेला एक गट बंद केला. त्यातले बरेच लोक संकेतस्थळ सोडून गेले. जे थांबले, त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा ८० टक्क्यांहून अधिक घटली, आणि ज्या गटांत ते गेले ते गटही बिघडले नाहीत. सोबत तुटली तशी भाषा बदलली. मात्र जे एकत्रच उठून स्वतःच्या वेगळ्या संकेतस्थळावर जातात, ते संख्येनं घटले तरी अधिक कडवट होऊ शकतात, असंही नंतरच्या एका अभ्यासात दिसलं.

केव्हिन मंगर या अभ्यासकाचा २०१७ सालचा प्रयोग लहान आहे, पण बोलका आहे. ट्विटरवर काळ्यांना शिव्या देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना त्यांनी बनवलेल्या खात्यांवरून एकच सौम्य वाक्य पाठवलं: यामागे खरी माणसं आहेत, त्यांना हे लागतं. हे वाक्य काळ्या दिसणाऱ्या खात्यावरून आलं तर फरक पडला नाही. गोऱ्या आणि बरेच अनुयायी असलेल्या खात्यावरून आलं, तेव्हा त्या माणसांच्या शिव्या कमी झाल्या. आपल्यातल्याच, वजनदार माणसानं टोकलं तर ऐकलं जातं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात काका-मामांनी काही पाठवलं की पुतण्या-भाच्या गप्प बसतात. टोकण्याचं वजन खरं म्हणजे त्या गटातल्या आत्या-काकूंकडे असतं.

शेवटी ‘स्टॉर्मफ्रंट’च्या घरातली हकिकत. डॉन ब्लॅक याचं अपत्य डेरेक. लहान वयातच डेरेक यांनी त्या संकेतस्थळावर मुलांसाठीचं पान चालवलं होतं. चळवळीचा वारस म्हणूनच सगळे त्यांच्याकडे पाहत. पुढे ते फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजमध्ये शिकायला गेले. २०११ मध्ये त्यांची ओळख उघडी झाली आणि बहुतेकांनी बोलणं टाकलं. मॅथ्यू स्टीव्हनसन या ज्यू विद्यार्थ्यानं मात्र त्यांना शुक्रवारच्या शब्बाथच्या जेवणाला बोलावलं, आणि आठवड्यामागून आठवडे बोलावत राहिला. तिथे वंशावर वाद होत नसे. वाद होत ते दुसऱ्या एका मैत्रिणीशी, एकांतात. बुद्ध्यांक, गुन्हे, स्थलांतर यांवरचे आकडे ती एकेक करून समोर ठेवायची आणि डेरेक प्रत्येकाला उत्तर शोधायचे. २०१३ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून चळवळ सोडली. वडिलांचं संकेतस्थळ चालूच राहिलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर त्याचा पत्ता काढून घेण्यात आला, तर सुमारे महिनाभरानं ते परत उभं राहिलं.

त्या मैत्रिणीनं दाखवलेले अभ्यास गुप्त नव्हते. ते आधीपासून इंटरनेटवर होते आणि ‘स्टॉर्मफ्रंट’वरच्या कुणालाही वाचता आले असते.